चार नंबरचा बोर्ड

१

चार नंबरचा बोर्ड मेला तो गुरुवारी भर दुपारी, दोन वाजून सात मिनिटांनी. नेमक्या त्याच वेळी डिंपल कोंढ्याच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, स्टेजवर उभी राहून शाल-श्रीफळ घेत होती आणि सरपंच माइकवरून सांगत होते, की आपल्या गावची सून आता आभाळात चिप पाठवणार आहे. तीन वाजता ती शाल खांद्यावर तशीच घेऊन लॅबमध्ये आली. संगणकाच्या पडद्यावर चार रेघा असायला हव्या होत्या. तीन होत्या, चौथी सपाट झाली होती.

शनिवारी सकाळी पुण्याहून नीतू आली. उपग्रह बनवणाऱ्यांनीच तिला पाठवलं होतं. शिवणाच्या डब्याएवढा छोटा उपग्रह, त्यात एका चिपची जागा, आणि ती जागा डिंपलच्या चिपला मिळायची जवळजवळ ठरलेली. आता प्रश्न एकच होता. चिप स्वतःच्या दोषानं मेली, की तिला कोणी मारलं? स्वतःच्या दोषानं मेली असेल तर जागा दुसऱ्या कुणाला. अहवाल सोमवारी दुपारी बारापर्यंत द्यायचा होता.

नीतूबद्दल एक गोष्ट आधीच सांगून टाकलेली बरी. शुक्रवारी तिला फोन आला, “भंडारा जिल्ह्यातल्या त्या लॅबमध्ये बोर्ड गेलाय,” तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो असा: बरं झालं.

दोघी एकाच कॉलेजात, एकाच बाकावर. नीतू दिघोरीची, डिंपल नाकाडोंगरीची. पहिला नंबर नीतूचा. डिंपल तिच्या वह्या उतरवून पास व्हायची. मग नीतू पुण्याला गेली आणि दहा वर्षं मिक्सरच्या आणि पंख्यांच्या सर्किटांवर पास-नापासचे शिक्के मारत बसली. डिंपल लग्न करून कोंढ्याला आली, नवऱ्याबरोबर एका बंद राइस मिलच्या ऑफिसात लॅब उघडली, आणि आता पेपरात फोटो कुणाचा, तर वह्या उतरवणारीचा. नीतूनं तो फोटो फोनवर मोठा करकरून पाहिला होता. डोळ्यांखाली काळं दिसतंय का, हे शोधत होती.

२

“चा घेते का आधी पेटी पाहते?” डिंपलनं विचारलं.

“पेटी.”

पेटी म्हणजे छोट्या फ्रिजएवढं कपाट. पाऊण तास सत्तर अंश गरम, पाऊण तास उणे तीस अंश गार. पुन्हा गरम, पुन्हा गार. छोटा उपग्रह दीड तासात पृथ्वीला एक फेरी मारतो, त्यात ऊन आणि सावली दोन्ही सोसतो, म्हणून हे रहाटगाडगं. आत चार बोर्ड, प्रत्येकावर नखाएवढी एक चिप. हिची खुबी अशी, की आतली जोडणी नंतरही हवी तशी नव्यानं लिहिता येते, आणि वीज इतकी कमी खाते की भिंतीवरच्या घड्याळाला लाज वाटावी. महिनाभर चाचणी चालायची होती. सव्वीस दिवस चौघीही दगडासारख्या ठाम राहिल्या होत्या.

“सत्ताविसाव्या दिवशी काहून मेली ते मले समजून नाही राहिलं,” डिंपल म्हणाली. तिच्या डोळ्यांखाली खरंच काळं होतं. नीतूला ते दिसलं आणि बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचा रागही आला.

“ओल शिरली असेल?”

“शिरीनच कशी?” डिंपलनं पेटीच्या कोपऱ्यातली छोटी बरणी दाखवली. तिच्यात निळे खडे होते. नव्या बुटांच्या खोक्यात ओल ओढणारी पुडी येते ना, तसलेच; फक्त हे खडे ओल प्याले की गुलाबी होतात. “बुधवारी संध्याकाळी नवे भरले होते. पाह्य, कसे निळेशार हायेत. त्याच्यावर चारही बोर्डांले वार्निश हाय. रजिस्टरमध्ये लिहिलं हाय.”

रजिस्टर उघडलं. डिंपलचंच अक्षर: चारही बोर्डांना वार्निश पूर्ण. म्हणजे ओल शिरली नाही, शिरली तरी वार्निशातून बोर्डाला लागणार नाही. मग उरली फक्त चिप. नीतूला वाटलं, अहवाल इथंच संपला, संध्याकाळची नागपूरची बस मिळेल. खुर्चीवर घडी करून ठेवलेली ती शाल होती, तिच्याकडे तिची नजर पुन्हापुन्हा जात होती.

पण सवय वाईट. दहा वर्षं शिक्के मारले होते तरी आलेख नीट पाहिल्याशिवाय एकही मारला नव्हता. तिनं मेलेल्या बोर्डाचा विजेचा आलेख मोठा केला. सव्वा वाजता पेटी गार व्हायला लागली, पंधरा अंशांखाली आली, आणि चार नंबर जादा वीज ओढू लागला. पारा शून्याखाली गेला आणि तो एकाएकी गप्प झाला. अर्धा तास शहाण्यासारखा वागला. दोन वाजता पेटी पुन्हा गरम होऊ लागली, पारा शून्याच्या वर चढला, आणि तो पुन्हा पिसाळला. दोन सातला संपला.

नीतू आलेखाकडे बघत राहिली. चिप आतून बिघडलेली असती तर ऐन थंडीत गप्प कशाला बसली असती? शून्याच्या वर तमाशा, शून्याच्या खाली शांतता, हे वागणं चिपचं नव्हे. हे पाण्याचं वागणं. दव पडलं, तोवर वीज गळत होती. दव गोठलं तशी गळती थांबली. बर्फ वितळला आणि खेळ खलास.

आणि बरणी निळीशार होती.

तिनं पेटीचं दार उघडून आतल्या खाचेतून बोट फिरवलं. बोटाला काहीतरी टोचलं. धानाचा एक दाणा होता, टरफलासकट अख्खा.

३

“मिलची जागा हाय, उडून आला असन,” डिंपल म्हणाली.

मिल सात वर्षं बंद होती. नीतूनं दाणा दाताखाली धरला. दिघोरीची पोर ती. धान विकायला निघायच्या आधी घरातलं प्रत्येक माणूस दाणा चावून बघायचं. ओला दाणा दाताखाली दबतो, सुकलेला कट्टकन तुटतो. हा असा तुटला, की तिच्या दाढेला झटका बसला. नोव्हेंबरच्या या दिवसांत नुकतं कापलेलं धान इतकं कोरडं नसतं. हा दाणा भाजायचाच काय तो राहिला होता.

तिनं पेटीच्या तापमानाचा आलेख काढला. गरम असताना दार उघडलं की पारा क्षणभर दोन-चार अंश घसरतो. गुरुवारी दुपारी तो चार वेळा घसरला होता: बारा एकतीस, बारा छत्तीस, एक दहा, आणि दोन वीस.

“डिंपल, त्या दिवशी इथं कोण होतं?”

“कोणीच नाही. मंडई होती ना वं. घरोघरी पाव्हणे, इथं कोण थांबते? बुधरामकाका होते गेटवर.”

बुधराम म्हणजे चौकीदार. घरचा धंदा तळ्यावरची मासोळी, पण बांधावर धानाच्या दोन बांध्याही, म्हणजे लहानशी खाचरं, करायचा. नीतूनं त्याला गेटवर गाठलं. तो जाळ्याची गाठ सोडवत बसला होता.

“काका, धान विकलं का?”

“नाई ना बाई. खरेदीवाले म्हणते, आधी नमुना दाखवा. सतराच्या वर ओल असली तं गाडी आणू नोका म्हणते.”

“मग नमुना दाखवला?”

“शुक्रवारी दाखवलो. पास झाला.”

“पेटीत सुकवला म्हणून पास झाला?”

बुधरामच्या हातातली गाठ आणखी घट्ट झाली. मग डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “डब्बाभर तं होता बाई. अर्धा घंटा ठेवलो, काढून घेतलो. मले काय मालूम त्यानं मशीन बिघडते. डिंपलबाईले सांगू नोका, माही नोकरी जाईन.”

“दार किती वेळा उघडलं?”

“दोन वेळा. ठेवाले एकडाव, काढाले एकडाव.”

“त्यातली बरणी बाहेर काढली?”

“कोनती बरणी?”

त्याला खरंच माहीत नव्हतं. डबाभर ओलं धान सत्तर अंशांत अर्धा तास वाफ सोडत होतं आणि बरणीतला एकही खडा गुलाबी झाला नाही. का? कारण त्या वेळी बरणी आत नव्हतीच. धान ठेवायच्या पाच मिनिटं आधी कुणीतरी ती काढली, बोर्ड मेल्यावर दोन वीसला परत ठेवली. बुधरामनं अडाणीपणा केला होता. दुसऱ्या कुणीतरी जाणूनबुजून केलं होतं.

“पेटीत सुकवायची अक्कल कुणी दिली, काका?”

“कोणीच नाई. माह्याच डोस्क्यातून निघाली.”

“साडेबारालाच पेटी गरम होते, हेही तुमच्याच डोक्यातून?”

“बाई, लेकराची आन घेतली हाय मी,” बुधराम म्हणाला आणि जाळं उचलून चालता झाला.

४

एक कोडं राहिलंच होतं. दव चौघांवरही पडलं असणार. मग मेला तो एकटा चार नंबरच का?

नीतू गावातल्या किराणा दुकानात गेली आणि नोटा तपासायचा जांभळा दिवा अर्ध्या तासाच्या बोलीनं मागून आणला. बोर्डाच्या वार्निशात एक चमक घातलेली असते. साध्या उजेडात दिसत नाही, जांभळ्या उजेडात निळी दिसते. तिनं पडदे ओढून चारही बोर्ड ओळीनं ठेवले. पहिला चमकला. दुसरा, तिसराही चमकला. चौथा काळा ठिक्कर पडून राहिला.

रजिस्टर खोटं होतं. आणि रजिस्टरात अक्षर डिंपलचं होतं.

इथं नीतूला जो आनंद झाला तो लपवण्यात अर्थ नाही. वह्या उतरवणारी शेवटी वह्या उतरवणारीच, न बघता लिहून मोकळी झाली! मनातल्या मनात तिनं अहवालातलं वाक्यही जुळवलं: लॅबचा निष्काळजीपणा. मग तिला स्वतःचीच थोडी शरम वाटली, आणि वार्निश लावणाऱ्या माणसाला बोलवायला ती उठली.

परसराम म्हणजे भूपेशचा थोरला भाऊ. भूपेश डिंपलचा नवरा. वीस वर्षं टीव्ही-रेडिओ दुरुस्त केलेला हा माणूस लॅबमधलं सगळं डाखकाम, म्हणजे सोल्डरिंग, आणि वार्निश करायचा. तो आला, दारातच थबकला. आत डिंपल होती. तिनं पदर सावरला आणि मागच्या दारानं निघून गेली. मगच परसराम आत आला.

“हे काय?” नीतूनं विचारलं.

“भासरा हाय ना मी तिचा,” परसराम म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काही नव्हतं. “भासऱ्यानं भाऊसुनीसंगं बोलायचं नसते. अकरा वर्षं झाले.”

“एका लॅबमध्ये काम करता आणि एक शब्द बोलत नाही?”

“काम कायले अडते? मधात भूपेश हाय. तिचं मले तो सांगते, माझं तिले तो सांगते.”

नीतूच्या घरीही हेच होतं. तिच्या आईनं जन्मभर भासऱ्याला थेट पाणीसुद्धा विचारलं नाही. पुण्यात राहून ती हे विसरली होती, एवढंच.

तिनं दिवा लावला. चौथा काळा बोर्ड पाहून परसराम अजिबात दचकला नाही.

“बरोबर हाय. शिशी संपली होती. तिघांलेच पुरलं. महिन्याआधीच सांगतलो होतो का चौथा राहिला, पेटीत घालू नोका म्हणून.”

“कुणाला सांगितलं?”

“भूपेशले. अजून कोणाले सांगीन?”

“चिठ्ठी का नाही लिहिली डिंपलला?”

परसरामनं कानाला हात लावला. “भाऊसुनीले चिठ्ठी लिहू? लोक काय म्हणतीन बाई!”

नीतू रजिस्टर घेऊन मागच्या दारी गेली. डिंपल तिथं भिंतीला टेकून उभी होती.

“हे चारही पूर्ण, असं तुला कुणी सांगितलं?”

“ह्यांनी,” डिंपल म्हणाली. “भासरे तं बोलत नाहीत ना. हेच आले आन म्हणाले, दादानं चारही करून टाकले. म्हणून लिवलं मी.”

एका टोकाला तीन सांगितले होते, दुसऱ्या टोकाला चार पोहोचले होते. मध्ये माणूस एकच होता.

५

भूपेश रविवारी सकाळी स्वतःच आला. हसतमुख माणूस, इस्त्रीचा शर्ट. नीतूसाठी गरम समोसे घेऊन आला होता.

“दिवा मागून नेला म्हणे दुकानातून,” तो म्हणाला. “गावात काही लपून राहत नाही मॅडम.”

“नाही राहत. मंडईत तुम्ही कुठं बसला होतात?”

“तिसऱ्या रांगेत. पत्रिकेवर लिहिलं होतं, डिंपलताई आणि मिस्टर. मिस्टरचं नाव छापाले जागा नव्हती.” तो हसतच होता. “लॅब कोणाच्या डोक्यातली, मालूम हाय का तुमाले? माझ्या. चिप निवडली कोणी? मीबी निवडली होती एक, दुसरी. तिची पास झाली, माझी राहिली. आता बाजारात गेलो तं लोक म्हणते, डिंपलताई कशा हायेत. माझ्या आईलेबी फोन येते, सून हाय का घरी म्हणून.”

“म्हणून तिची चिप मारली?”

तो थोडा वेळ समोशाच्या कागदाशी खेळला. नाकारेल असं नीतूला वाटलं होतं. त्याला तिच्यासमोर नाकारायची गरजच वाटत नव्हती, हे तिच्या नंतर लक्षात आलं.

“तुम्ही काल आल्या. तिच्या शालीकडे कशा पाहत होत्या, मी खिडकीतून पाहिलो. मले ते पाहणं ओळखू येते मॅडम. माझंही तसंच हाय.” त्यानं समोसे पुढं सरकवले. “आलेख हाय. बरणी निळी हाय. रजिस्टरमध्ये चारही लिहिलं हाय. चिप कमजोर निघाली, असं लिहा आन जा. खोटं कोणी म्हणणार नाही. तुमालेही तेच पाहिजे, मलेही तेच पाहिजे. एकदा हारली का येईन ताळ्यावर, घरी माझ्यासंगं जेवाले बसीन.”

नीतूनं त्याच्यावरची नजर काढून घेतली. रागानं नव्हे. त्याचं म्हणणं खरं होतं म्हणून. खरंच तसा अहवाल लिहिता आला असता. कुणी पकडलं नसतं. पुण्याच्या ऑफिसात तिनं तो फोटो पुन्हा मोठा करून पाहिला असता आणि रात्री छान झोप लागली असती.

“आणि बुधराम?” तिनं विचारलं.

“त्याले कोण विचारते? वाटल्यास त्याचंच नाव लिहा. धान तं त्यानंच ठेवलं.”

समोसा तिनं खाल्ला नाही. “परसरामभाऊंना आणि डिंपलला बोलवा,” ती म्हणाली. “दोघांनाही. एकाच वेळी.”

भूपेशचं हसू पहिल्यांदा ढिलं पडलं. “दोघं एका खोलीत? ते होत नाही आमच्या घरी.”

“म्हणूनच बोलवा.”

६

परसराम दाराशी, मान खाली. डिंपल खिडकीशी, पाठ फिरवून. मध्ये भूपेश, नेहमीच्या जागी.

नीतूनं सगळं सरळ सांगितलं. दव कसं पडलं, धान कुठून आलं, बरणी कुणीतरी आधी काढली आणि नंतर ठेवली, चौथा बोर्ड उघडा होता. “हे करणाऱ्याला दोन गोष्टी माहीत हव्यात. बरणी कशासाठी असते, आणि चौथ्याला वार्निश नाही. बुधरामला दोन्ही माहीत नाहीत. डिंपलला दुसरी माहीत नव्हती, आणि ती स्टेजवर होती. राहिले दोघे भाऊ. परसरामभाऊ म्हणतात, त्यांनी तीनच सांगितले. भूपेशभाऊ म्हणतात—”

“चारच सांगतले होते दादानं,” भूपेश पटकन बोलला. “काम झाकायसाठी खोटं बोलून राहिला तो. त्याच्याजवळही किल्ली हाय.”

“बाई, तिले सांगा—” परसराम नीतूकडे बघून म्हणाला, आणि त्याचा आवाज फाटला. ज्याच्या तोंडून अकरा वर्षं तो बोलला, तोच आता त्याच्या विरुद्ध बोलत होता. त्याच्याजवळ दुसरं तोंडच नव्हतं.

तेव्हा डिंपल वळली. पदर खांद्यावरच होता, डोक्यावर घेतला नाही. सरळ परसरामच्या तोंडाकडे बघून तिनं विचारलं, “दादा, तुम्ही किती बोर्डांले वार्निश केलं?”

परसराम लाजेनं लाल झाला, मग हळूच म्हणाला, “तीन. पोरी, तीन.”

“सांगतलं होतं का यांले?”

परसरामनं खिशातून फोन काढला. त्याला लिहायचा कंटाळा, तो निरोप बोलूनच पाठवायचा. बोट वर सरकवत सरकवत तो महिन्यामागं गेला आणि त्यानं बटण दाबलं. त्याचाच आवाज खोलीत आला: “भूपेश, चौथ्याले वार्निश पुरलं नाही बाबू. डिंपलले सांगजो, तो पेटीत टाकू नको म्हणा. नवी शिशी मागव.” खाली दोन निळ्या खुणा होत्या. निरोप ऐकला गेला होता.

भूपेश त्या खुणांकडे बघत राहिला. मग बायकोकडे न बघता म्हणाला, “पहिल्यांदा मी फक्त सांगाचं टाळलं होतं. वाटलं, आपोआप मरन. सव्वीस दिवस मेली नाही.”

“म्हणून धान ठेवाले लावलं,” डिंपल म्हणाली.

“तुले शाल देऊन राहिले होते तवा मी इथं बरणी हातात घेऊन उभा होतो,” भूपेश म्हणाला. “टाळ्या इथपर्यंत ऐकू येत होत्या.”

डिंपल रडली नाही. तिनं त्याच्या हातातून लॅबची किल्ली मागून घेतली, आणि त्यानं ती दिली.

७

सोमवारी सकाळी नीतूनं उपग्रहवाल्यांना फोन लावला. बोलणं संपवून ती डिंपलच्या समोर बसली.

“चिप निर्दोष आहे हे त्यांनी मान्य केलं. आभाळात दव पडत नाही. तुझी जागा अजून आहे. पण या लॅबवर त्यांचा भरवसा नाही. घरातल्याच माणसानं पेटी उघडली म्हटल्यावर कसा राहील? तीन बोर्ड आणि नवा चौथा, त्याला वार्निश तिथंच लागेल, सगळे पुण्याला न्यायचे. महिनाभराची चाचणी पहिल्यापासून. आमच्याकडे.”

“तुमच्याकडे म्हणजे कोणाकडे?”

“माझ्याकडे.”

डिंपलनं अहवाल ओढून घेतला. ‘कारण’ या रकान्यात नीतूनं जागा मोकळी सोडली होती. “बुधरामकाकाचं नाव टाकू नको,” डिंपल म्हणाली. “ज्यानं केलं त्याचं टाक. पूर्ण नाव टाक, मिस्टर नको लिहू.” तिनं स्वतःच पेन उचलला आणि नवऱ्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव, सगळं नीट अक्षरात लिहिलं. हात एकदाच थांबला, आडनावाशी. तेच तिचंही होतं.

नीतूला आता गप्प बसता आलं असतं. सही करायची, बोर्ड घ्यायचे, निघायचं. पण काल भूपेशनं सरकवलेला तो समोशाचा कागद अजून टेबलावर होता, आणि त्याच्या पलीकडे बसून खोटा चेहरा घेऊन हे बोर्ड उचलणं तिला जमेना.

“डिंपल, एक ऐकून घे, मग ठरव. मी तुझ्यावर जळते. आजची गोष्ट नाही, पेपरात फोटो आला तेव्हापासून. तुझा बोर्ड गेल्याचं कळलं तेव्हा मला आनंद झाला होता. रजिस्टरात तुझं अक्षर पाहिलं तेव्हाही झाला. महिनाभर तुझ्या चिपा माझ्या एकटीच्या हातात राहणार आहेत. दुसरं कुणी हवं असेल तर सांग, मी त्यांना तसं कळवते.”

बाहेर बुधराम गेट उघडून कुणाची तरी ट्रॉली आत घेत होता. डिंपलनं समोशाचा कागद चुरगळून टोपलीत टाकला.

“मी तुझ्या वह्या उतरवत होती ना वं,” ती म्हणाली, “तवा रोज वाटायचं, ही एकदा तरी नापास झाली पाहिजे. एकदा तुझी वही मी दोन दिवस मुद्दाम लपवून ठेवली होती. परीक्षेच्या आधी.”

“ती तू?”

“मीच.” डिंपल उठली. तिनं काळ्या पिशव्यांत गुंडाळलेले बोर्ड एकेक करून स्टीलच्या डब्यात ठेवले, झाकण लावलं आणि डबा नीतूच्या मांडीवर दिला. “माझ्या घरात अकरा वर्षं एक माणूस हसून हसून जळत होता, मले धूर दिसला नाही. तू तं तोंडावर सांगून राहिली. घेऊन जा. नापास झाली तं नापासच लिहजो.”

नीतूनं पावतीवर सही केली. बोर्ड चार, वार्निश तीन. हे शेवटचं तिनं दुकानातला दिवा पुन्हा मागून आणून, स्वतः मोजून लिहिलं.

पवनीच्या फाट्यावर तिला नागपूरची बस मिळाली. शेजारची सीट रिकामीच होती, वरची फळीही रिकामी होती. पण नागपूर येईपर्यंत तिनं तो डबा मांडीवरून खाली ठेवला नाही.